कॉलम कोणी ठरवले?

एखाद्या प्रॉडक्टच्या प्रेझेंटेशनमध्ये "हे आम्ही वेगवेगळ्या समाजांसाठी बनवलंय" असं आलं की पुढची स्लाइड हमखास भाषांची असते. मेनू इतक्या भाषांत, बटणं तितक्या भाषांत, झालं काम. मला विचाराल तर भाषांतर हा त्यातला सगळ्यात सोपा भाग, पैसे टाकले की होतो. खरी गोची खाली डेटाबेसमध्ये असते, कुठले कॉलम ठेवायचे, कुठलं फील्ड कंपल्सरी, कोणाला काय दिसणार, आणि हे सगळं ज्यांच्यासाठी बनवतोय ती माणसं मीटिंगला यायच्या आधीच ठरून गेलेलं असतं.

साधं नावाचं घ्या. फर्स्ट नेम, लास्ट नेम, दोन्हीपुढे लाल स्टार. इंडोनेशियात कितीतरी लोकांचं नाव एका शब्दात संपतं, आइसलँडमध्ये बहुतेकांना आपल्यासारखं घराण्याचं आडनावच नसतं. फॉर्मला याचं काही देणंघेणं नाही. पासपोर्टवर एकच नाव असेल तर अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' येतं, म्हणजे फर्स्ट नेम अननोन, आणि मग पुढच्या कुठल्या तरी सिस्टीममध्ये तेच त्या माणसाचं नाव होऊन बसतं. जन्मतारखेचंही तेच, नोंदच नसलेल्या कितीतरी निर्वासितांच्या कागदावर १ जानेवारी टाकलेली असते कारण ते खण रिकामं सोडायची सोयच नाही.

लायब्ररीवाल्यांचा हा रोग तर कॉम्प्युटरच्या आधीचा. पुस्तकांना विषयवार नंबर देणारी ड्युई डेसिमल ही पद्धत १८७६ मधली. त्यात २०० ते २९९ धर्मासाठी, पैकी २२० ते २८९ जवळपास पूर्ण ख्रिस्ती धर्माला आणि उरलेलं जग २९० मध्ये कोंबलेलं. हिंदू २९४.५, बौद्ध २९४.३, जैन २९४.४, सगळे दशांश चिन्हाच्या पलीकडे. कोणी मुद्दाम अपमान केला असं नाही, ज्याने कपाट बनवलं त्याच्याकडची पुस्तकं त्यात नीट बसली, एवढंच.

याउलट मुकुर्टू नावाचं डिजिटल अर्काइव्ह, म्हणजे फोटो-नोंदींचा संग्रह, बघा. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत टेनंट क्रीकला वारुमुंगू हा आदिवासी समाज आहे, त्यांच्याकडे बाहेरून परत आलेले जुने फोटो होते आणि ते कोणी बघायचे याचे त्यांचे स्वतःचे नियम होते. काही बायकांनीच बघायचे, काही पुरुषांनीच, काही अमुक घराण्याचेच, आणि माणूस वारला असेल तर त्याचा फोटो असा एकदम समोर येता कामा नये. आपल्याकडची नेहमीची सिस्टीम काय म्हणेल? पब्लिक की प्रायव्हेट, दोनातलं एक निवडा. किम क्रिस्टन या अमेरिकन संशोधक आणि तिथल्या लोकांनी मिळून २००७ च्या सुमारास जे अर्काइव्ह उभं केलं त्यात उलटं केलं, लॉगिन करणाऱ्याचं समाजातलं नातं काय यावर त्याला काय दिसणार ते ठरायचं, आणि मृत व्यक्तीच्या फोटोआधी इशारा यायचा. म्हणजे जो नियम गावात माणसं पाळत होती तोच परमिशन टेबलमध्ये गेला. पुढे त्याचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर झालं आणि जगभरातले आदिवासी समाज ते आपापल्या नियमांनी वापरतात. नियम सॉफ्टवेअरने आधी ठरवून दिलेले नाहीत, प्रत्येक समाजाने स्वतः लिहायचे, मला यातलं हेच सगळ्यात हुशारीचं वाटतं.

आता यात मला खटकणारी गोष्टही आहे. 'समाजाने ठरवलं' म्हणजे नक्की कोणी ठरवलं? वर्कशॉपला जो जास्त बोलतो त्याचं म्हणणं समाजाचं म्हणणं होतं, तरुण पोरी मागे गप्प बसलेल्या असतात, आणि एकदा का ते कोडमध्ये गेलं की पक्कं होतं. तोंडी नियमात वाकायला जागा असते, शेजारच्या काकू "चालतंय गं, बघ" म्हणू शकतात, सर्व्हर म्हणत नाही. म्हणून नियम बदलायचा अधिकार कोणाकडे आणि तो बदल किती सोपा, हे पहिल्या दिवशी विचारायला पाहिजे, आणि जी टीम "ते आपण फेज टू मध्ये बघू" म्हणते ती कधीच बघत नाही हे लिहून घ्या.

मालकीचंही असंच. अमेरिकेतल्या पासमाक्वॉडी या आदिवासी लोकांची गाणी आणि गोष्टी १८९० मध्ये मेणाच्या सिलिंडरवर रेकॉर्ड झाल्या, पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेल्या. कॅटलॉगमध्ये त्यांच्याच भाषेतली शीर्षकं आणि ही रेकॉर्डिंग्ज कशी वापरावीत हे सांगणारी त्यांचीच लेबलं यायला २०१८ उजाडलं. त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये 'ते हिकू मीडिया' या माओरी माध्यम संस्थेने माओरी भाषेचं ३०० तासांच्या वर रेकॉर्डिंग १० दिवसांत लोकांकडून जमवलं आणि तो डेटा मोठ्या कंपन्यांना न देता स्वतःकडे ठेवला, त्यावरच बोलणं ओळखून लिहिणारं स्वतःचं स्पीच रेकग्निशन बनवलं. लोकांनी इतक्या भराभर आवाज का दिला असेल? माझ्या मते तरी मागणारा त्यांच्या ओळखीचा होता म्हणून. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, डेटाबद्दलची १९९८ पासूनची ओकॅप तत्त्वं हेच सांगतात, मालकी, नियंत्रण, पोहोच आणि ताबा, आणि त्यातला शेवटचा ताबा, म्हणजे डेटा प्रत्यक्ष कोणाच्या मशीनवर आहे, हा भाग सगळे सोयीस्करपणे विसरतात.

कारण फंडिंग संपतंच. डोमेन रिन्यू कोण करणार, अॅडमिनचा पासवर्ड कोणाकडे, प्रोजेक्ट मॅनेजर नोकरी बदलून गेला तर फोन कोणाला लावायचा. को-डिझाइनच्या, म्हणजे लोकांना सोबत घेऊन डिझाइन करायच्या, वर्कशॉपचे फोटो छानच येतात, भिंतभर रंगीत चिठ्ठ्या, सगळे हसतायत. पण हल्ली कोणी असलं प्रोजेक्ट दाखवलं की मी फोटो पुढे ढकलतो आणि आधी एक्स्पोर्टचं, म्हणजे डेटा बाहेर काढून घ्यायचं, बटण कुठे आहे ते शोधतो, आणि ते बटण फक्त अॅडमिनलाच दिसतं की गावातल्या माणसाच्या लॉगिनमध्येही आहे, तेही.