बीटल्सचं आणखी एक चरित्र घ्यावं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. देवल क्लबातली मैफल सुटल्यावर असो की करवीर नगर वाचन मंदिरात पुस्तक बदलताना, प्रश्न तोच: बीटल्स या ब्रिटिश बँडवर कपाटं भरतील इतकी पुस्तकं असताना नवं कशाला? घ्यावं, पण लेखकाच्या हाती नवा कागद किंवा नवी टेप लागली असेल तरच.

दुकानात आधी शेवटची पानं उघडा. टिपांमध्ये नुसती जुनी चरित्रंच असतील, तर सगळा मामला उसनवारीचा. मग सूचीवरून बँडचा ड्रमर रिंगो याच्या वादनाचं पान काढा. ‘तो बीटल्समधलासुद्धा सर्वोत्तम ड्रमर नव्हता’ हे वाक्य बँडमधल्याच जॉन लेननच्या तोंडी घातलेलं दिसलं, तर पुस्तक परत ठेवा. लेनन डिसेंबर 1980 मध्ये गेला; हे वाक्य त्यानंतर ब्रिटिश विनोदी कार्यक्रमांतून आलं. बीटल्सचा इतिहासकार मार्क लुईसन याने मूळ शोधेपर्यंत ते बिनदिक्कत छापलं जात होतं. अल्लादियाखाँसाहेबांचे किस्से ऐकत वाढलेल्या कोल्हापूरकराला हे नवं नाही, किस्सा दर बैठकीला थोडा वाढतोच.

आता नोंदींतून काय हाती लागतं ते बघा. बीटल्सच्या पहिल्या एलपीत, म्हणजे मोठ्या रेकॉर्डमध्ये, 14 गाणी. चार आधीच सिंगल्सवर, म्हणजे छोट्या रेकॉर्डवर, आलेली. उरलेली दहा 11 फेब्रुवारी 1963 या एका दिवसात, ॲबी रोडच्या स्टुडिओत, दोन ट्रॅकच्या टेपवर झाली. ‘ट्विस्ट अँड शाऊट’ मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण जॉनला सर्दी झालेली आणि गाणं घसा फाडणारं. पहिला टेक, म्हणजे पहिल्यांदा गायलेलं मुद्रण, एलपीवर गेला. दुसऱ्याला आवाजच उरला नव्हता. हे वाचून गाणं पुन्हा लावा, ती खरखर कुठून आली ते कानाला कळेल. माझ्या लेखी चरित्राचं खरं काम हे.

जानेवारी 1969 मधली बीटल्सची तालीम आणि ध्वनिमुद्रण म्हणजे नुसती भांडणं, असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. 2021 मध्ये चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सनने त्या महिन्याच्या सुमारे 60 तासांच्या चित्रणातून मालिका केली. त्यात पॉल मॅकार्टनी बास गिटारवर झोडपत, अर्धवट शब्द पुटपुटत ‘गेट बॅक’ची चाल काढताना दिसतो. जॉर्ज हॅरिसन मध्येच बँड सोडून जातो हेही खरंच. पण 2021 आधीच्या चरित्रांतला या महिन्यावरचा भाग आता अपुरा पडतो.

म्हणून जन्मापासून फुटीपर्यंत सगळं एका दमात उरकणारं पुस्तक मी सुचवत नाही. लुईसनचा पहिला खंड 1962 च्या अखेरीस थांबतो, तो घ्या. किंवा रोड मॅनेजर मॅल इव्हान्सचं 2023 मध्ये आलेलं चरित्र. ते त्याच्या डायऱ्यांवर उभं आहे, आणि 1968 मध्ये ऋषिकेशलाही तो बीटल्सबरोबर होता.