पाच अक्षरी इंग्लिश शब्द कानाने नाही, डोळ्याने शोधा

वर्डल, म्हणजे रोज एक पाच अक्षरी इंग्लिश शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा ऑनलाइन खेळ, तो खेळणाऱ्या आपल्या लोकांसाठी लिहितेय, खासकरून ज्यांचं शिक्षण मराठी नाहीतर हिंदी मीडियमला झालं आणि ज्यांना वाटतं की आपलं इंग्लिश कच्चं म्हणून आपण अडकतो. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या इंदूरच्या फॅमिली ग्रुपवर आता आत्या, काका, भाचरं सगळेच रोज हिरव्या-पिवळ्या चौकोनांच्या ओळी टाकतात (अक्षर योग्य जागी असेल तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, नसेलच तर राखाडी), आणि नीट बघितलं तर आत्या अडकते ती शब्द येत नाही म्हणून नाही, तर ती तो कानाने शोधते म्हणून. सवयच आहे ना आपली, देवनागरीत जसं बोलतो तसं लिहितो, इंदूर म्हटलं की तीन अक्षरं झाली, तेच इंग्लिशमध्ये लिहायला घेतलं की सहा होतात. मग एन असलेला शब्द आठव म्हटलं की डोक्यात फक्त न ऐकू येणारे शब्द फिरतात आणि नाइफ आठवला तरी त्याच्या आधी बसलेला के दिसतच नाही.

म्हणून मी आत्याला आधी सायलेंट अक्षरांच्या जोड्या शिकवल्या. के-एन ही पहिली. जुन्या इंग्लिशमध्ये हा के खरंच उच्चारायचे, पुढे बोलण्यातून गेला पण स्पेलिंगमध्ये राहिला. के-एन-ई-ए-डी, उच्चार नीड, म्हणजे कणीक मळणं (गरजवाला नीड चारच अक्षरांचा, तो इथे चालत नाही). के-एन-ई-ई-एल म्हणजे गुडघे टेकणं, के-एन-ओ-एल-एल म्हणजे छोटं टेकाड, के-एन-ए-व्ही-ई म्हणजे लबाड माणूस आणि पत्त्यांतला गुलामसुद्धा. दुसरी जोडी डब्ल्यू-आर. डब्ल्यू-आर-आय-एन-जी म्हणजे ओला कपडा पिळणं, डब्ल्यू-आर-ए-टी-एच म्हणजे भयंकर संताप. अर्थ सोबत हवाच, नुसत्या शब्दांच्या लांबच लांब याद्या मला बिनकामाच्या वाटतात, कारण अर्थाशिवाय शब्द दोन दिवससुद्धा लक्षात राहत नाही. आत्याने नीड एकदा कणकेशी जोडला तो जोडलाच.

आणि घाबरायचं काही कारण नाही, कारण या खेळाची उत्तरं मुळातच ओळखीच्या शब्दांतली आहेत. जॉश वार्डल या इंजिनिअरने हा खेळ बनवला तो त्याची पार्टनर पलक शाह हिच्यासाठी, आणि इंग्लिशमधले जवळजवळ 12,000 पाच अक्षरी शब्द तिनेच एकेक बघून उत्तरांसाठी साधारण 2,500 वर आणले, म्हणजे तिला माहीत असलेले ठेवले आणि बाकीचे काढले. 1 नोव्हेंबर 2021 ला हा खेळ 90 लोक खेळत होते, दोन महिन्यांत 3 लाख झाले, आणि जानेवारी 2022 च्या शेवटी न्यूयॉर्क टाइम्सने तो विकतच घेतला. तरी कधीकधी भल्याभल्यांची विकेट जाते. 5 मे 2022 चं उत्तर होतं होमर, बेसबॉलमधल्या होम रनसाठीचा अमेरिकन शब्द, आणि अमेरिकेबाहेरचे लोक इतके चिडले आणि त्या दिवशी केम्ब्रिज डिक्शनरीत तो इतका शोधला गेला की 2022 चा वर्ड ऑफ द इयर तोच झाला! म्हणजे जन्मभर इंग्लिश बोलणाऱ्यांनाही तो येत नव्हता.

पहिला शब्द कोणता टाकायचा यावर आमच्याकडे रोज भांडण. काका ऑडिओ टाकतात नाहीतर अड्यू, ए-डी-आय-ई-यू, फ्रेंचमधून आलेला, अर्थ शेवटचा निरोप, कारण दोन्हींत चार-चार स्वर. माझं मत वेगळं आहे, स्वर कळले तरी शब्द कळत नाही, शब्दाचा सांगाडा व्यंजनांनी उभा राहतो. म्हणून सी-आर-ए-एन-ई, क्रेन, म्हणजे करकोचा पक्षी (वजन उचलणाऱ्या मशीनचं नाव याच पक्ष्यावरून पडलं), किंवा एस-एल-ए-टी-ई, आपली पाटी. दोन्हींच्या शेवटी ई आहे तेही कामाचं. खेळाच्या मूळ यादीत 2,315 उत्तरं होती, त्यातली 366 एसने सुरू होतात आणि 424 ईवर संपतात. हा शेवटचा ई पण बहुतेक वेळा सायलेंटच, म्हणजे पुन्हा कानाला न सापडणारा.

मग येतात ते ए-ई-आय-ओ-यू मधलं एकही अक्षर नसलेले शब्द, ज्यांत सगळं काम वाय करतो. पहिल्या दोन ओळींत ए, ई, ओ तिन्ही राखाडी झाले की मला लगेच यांचा संशय येतो. लिम्फ म्हणजे शरीरातला लसीका द्रव, क्रिप्ट म्हणजे चर्चच्या खालचं तळघर जिथे पूर्वी पुरायचे, ग्लिफ म्हणजे कोरलेलं चिन्ह. आणि माझा सगळ्यात आवडता, टी-आर-वाय-एस-टी, ट्रिस्ट, ठरवून गुपचूप घेतलेली भेट. नेहरूंनी 14 ऑगस्ट 1947 च्या रात्रीच्या भाषणात नियतीशी जी भेट म्हटली ती हीच, भाषण सगळ्यांना माहीत आहे पण स्पेलिंगमध्ये स्वर नाही हे किती जणांच्या लक्षात येतं?

सगळ्यात जास्त लोक हरतात ते मात्र शेवटची चार अक्षरं हिरवी झाल्यावर. समजा ए-टी-सी-एच मिळालं. आता बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच, वॉच असे सात शब्द उभे आणि हातात तीन-चार ओळी. "काय खेळून राहिले रे मी, सगळं हिरवं तरी हरले!" आत्या वैतागून म्हणायची. इथे एकेक टाकत बसू नका. एक ओळ मुद्दाम खर्च करा आणि सी-एल-आय-एम-बी, क्लाइंब, चढणं, हा टाका. एल, एम, बी पिवळे झाले तर अनुक्रमे लॅच, मॅच, बॅच, सी हिरवा झाला तर कॅच, आणि यातलं काहीच नाही झालं तर हॅच, पॅच, वॉच एवढेच उरतात. फक्त सेटिंगमध्ये हार्ड मोड चालू असेल तर हे करता येत नाही, सापडलेली अक्षरं पुढच्या ओळीत वापरावीच लागतात, म्हणून आत्याच्या फोनवर मी तो बंद करून दिलाय.