पर्पेटुआची डायरी आणि तिचा म्हातारा बाप

"खेळाच्या आदल्या दिवसापर्यंतचं मी लिहिलंय, प्रत्यक्ष खेळात काय झालं ते ज्याला वाटेल त्याने लिहावं." साधारण अशाच शब्दांत ती डायरी संपते. लिहिणारी विबिया पर्पेटुआ, वय बावीसच्या आसपास, चांगल्या घरातली शिकलेली पोरगी, ख्रिस्ती म्हणून तुरुंगात टाकलेली, अंगावर पिणारं बाळ, गाव उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज, साल 203. आणि "खेळ" म्हणजे काय तर रोमन सम्राटाचा धाकटा मुलगा गेटा याच्या वाढदिवसाला रिंगणात माणसांवर जनावरं सोडायची.

रक्तसाक्षींच्या, म्हणजे श्रद्धेसाठी मरण पत्करणाऱ्यांच्या गोष्टी म्हटलं की मला आधी जरा कंटाळाच यायचा, सगळे एकसारखे धीट, एकसारखे तेजस्वी. ही वाचली आणि वेगळंच काहीतरी हाताला लागलं, कारण यात दूध आहे. खरंच! तुरुंगात अंधार, गर्दी, उकाडा आणि हिला काळजी कसली तर बाळ भुकेने मलूल झालंय याची. मग बाळाला तिच्याजवळ ठेवायची परवानगी मिळते आणि ती लिहिते की तुरुंग एकदम महालासारखा वाटायला लागला.

पण मला जास्त छळतो तो तिचा बाप. पहिल्यांदा येतो तेव्हा ती समोरचं भांडं दाखवून विचारते, याला भांडं सोडून दुसरं काही म्हणता येईल का, तसंच मी ख्रिस्ती आहे, दुसरं काही म्हणू शकत नाही. बाप असा चवताळतो की आता डोळेच उपटतो की काय. नंतर पुन्हा येतो तेव्हा पार मोडलेला असतो, तिचे हात चुंबतो, पाया पडतो, आणि तिला मुलगी न म्हणता "बाईसाहेब" म्हणतो. सुनावणीच्या वेळी तर नातवालाच घेऊन पुढे येतो, बाळाची तरी दया कर म्हणून. न्याय करायला बसलेला हिलारियानुस त्याला छडीने मारायला लावतो आणि पर्पेटुआ लिहिते की जणू मलाच मारलं, त्याच्या म्हातारपणाचं मला वाईट वाटलं. तरी ती मागे हटत नाही. आता यात कोण बरोबर ते मला आजही ठरवता येत नाही, म्हणजे श्रद्धेच्या बाजूने वाचलं तर ती, पण तो बापही काही सैतान नाहीये ना.

तिच्यासोबत फेलिसिटी, ती गुलाम आणि आठ महिन्यांची गरोदर. गरोदर बाईला मारायला कायद्याने बंदी, त्यामुळे तिला भीती कशाची तर आपण मागे राहू आणि नंतर भलत्याच गुन्हेगारांबरोबर मरावं लागेल याची. सगळे मिळून प्रार्थना करतात, खेळाच्या जेमतेम दोन-तीन दिवस आधी मुलगी होते आणि एक बहीण तिला सांभाळायला नेते.

7 मार्चला दोघींवर पिसाळलेली गाय सोडली. पडल्यावर पर्पेटुआने फाटलेला झगा सारखा केला, केसांना लावायला पिन मागितली, कारण मोकळे केस म्हणजे शोक. शेवटी तलवारीने मारताना नवख्या ग्लॅडिएटरचा हात चुकला तेव्हा तिने स्वतःच तो गळ्यापाशी नेला. हा भाग अर्थात दुसऱ्या कुणीतरी लिहिलाय, ज्याला वाटलं त्याने.

पुढे सणाच्या दिवशी ही हकिगत चर्चमध्ये वाचली जायची. संत ऑगस्टिनने या दिवसावर प्रवचनं दिली, आणि दोघींची नावं एकत्र घेतली की लॅटिनमध्ये "अखंड सुख" असा अर्थ होतो यावर त्याने मस्त कोटी केलीय, पण ही डायरी म्हणजे पवित्र शास्त्र नव्हे हेही त्याला एका ठिकाणी सांगावं लागलं, म्हणजे लोक तिला किती मानत असतील बघा. रोमन मिस्सेच्या (कॅथलिक उपासनेच्या) जुन्या प्रार्थनेत दोघींची नावं लागोपाठ येतात आणि त्यात गुलाम फेलिसिटीचं आधी! सण मात्र बरीच वर्षं 6 मार्चला सरकवला होता कारण 7 ला संत थॉमस अक्विनासचा सण यायचा, चर्चच्या सणांच्या 1969 च्या फेरबदलात त्याला जानेवारीत हलवलं आणि यांना आपला दिवस परत मिळाला.

एवढी नावं जपली गेली, पण पर्पेटुआच्या नवऱ्याचा डायरीत साधा उल्लेख नाही. आणि त्या दोन बाळांची नावं कुणीच लिहून ठेवली नाहीत.