विहिरीतल्या आसरा परदेशी पाठवताना

अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावात मळ्यातल्या विहिरीच्या काठावर शेंदूर फासलेले दगड आहेत. साती आसरा, पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. लहानपणी भर दुपारी तिकडे फिरकायची मनाई होती. मी लग्नांचं शूटिंग करतो. लग्नसराई संपल्यावर त्याच कॅमेऱ्यावर या विहिरीचा १५ मिनिटांचा लघुपट केला. आजीचं काम गावातल्याच एका मावशींनी केलं. मे महिन्यात विहीर तळाला गेलेली, म्हणून खाली उतरून शूटिंग करता आलं. पाणी भरलेल्या विहिरीचे शॉट घ्यायला मात्र सप्टेंबरपर्यंत थांबावं लागलं.

पहिल्या वर्षी तीन ठिकाणी पाठवला, तिन्हीकडून नकार. एका परीक्षकांनी फोनवर सांगितलं, काम चांगलं आहे पण भुताखेताचा विषय आमच्याकडे बसत नाही. त्या रात्री मी शोधायला बसलो आणि कळलं की फक्त भय, अद्भुत आणि विज्ञानकथांसाठी जगात वेगळे महोत्सव भरतात. स्पेनमध्ये बार्सिलोनाजवळ समुद्रकाठच्या सिजेस गावात १९६८ पासून. ब्रुसेल्समध्ये १९८३ पासून, तिथले प्रेक्षक सिनेमा चालू असताना पडद्याला ओरडून उत्तरं देतात. कोरियात बुचॉनला १९९७ पासून. माँट्रियलच्या ‘फँटेजिया’त दिवे मालवले की अख्खं थिएटर मांजरासारखं म्याव म्याव करतं. परळीच्या टुरिंग टॉकीजमध्ये शिट्ट्या ऐकत वाढलेल्या मला ही माणसं एकदम घरची वाटली.

अर्ज ‘फिल्मफ्रीवे’ या साइटवरून गेले. लवकर भराल तितकी फी कमी, शेवटच्या आठवड्यात ती बरीच वाढते. फी डॉलरमध्ये, आणि कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतात. ते आधी बँकेच्या ॲपमधून चालू करून घ्या. लघुपट यूट्यूबवर टाकायची घाई करू नका, काही महोत्सव तेवढ्यावरून बाद करतात. माझा मित्र टाकणारच होता, वेळेत थांबवला.

खरा घाम काढला सबटायटलनी. एका ओळीत साधारण चाळीस अक्षरं, एका वेळी दोनच ओळी. मावशींचं वाक्य होतं, ‘आसरा धरत्यात रं, एकटा जाऊ नगंस.’ मी इंग्रजीत आसरांना पाण्यातली भुतं केलं. मावशींना मराठीत अर्थ सांगितला तर त्या चिडल्याच.

‘भूत काहून म्हणतोस? आपण त्यांना हळदकुंकू लावतो, खण-नारळ देतो. भुताला कुणी खण देतं का?’

मग जलदेवता करून पाहिलं. त्यात भीतीच गेली. जिची ओटी भरतो तिच्याच पाण्याला घाबरतो, हे दोन ओळींत कसं मावणार? चार रात्री मी एका शब्दावर अडून होतो. सुरुवातीला माहिती देणारी पाटी टाकली, ती शाळेच्या पुस्तकासारखी दिसली, काढून टाकली. शेवटी ‘आसरा’ हा शब्द रोमन लिपीत तसाच ठेवला आणि पुन्हा मळ्यात जाऊन एकच शॉट घेतला: मावशी दगडांना कुंकू लावतात आणि लावताना एकदाही पाण्याकडे बघत नाहीत. कुठल्याही शब्दाने झालं नसतं ते त्या आठ सेकंदांनी केलं. आपल्याकडचा भयपट बाहेर पाठवणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो, की समजावत बसू नका, दाखवा.

नव्या कटने दुसऱ्या वर्षी सहा अर्ज केले. युरोपातल्या एका छोट्या महोत्सवाने घेतला. त्यांना डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरवर चालणारी सिनेमाची डिजिटल प्रत, हवी होती आणि तीही सेकंदाला २४ फ्रेमची. आमचं शूटिंग २५ चं. ‘डीसीपी-ओ-मॅटिक’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यावर वेग कमी करून बनवली. लघुपट साधारण ३७ सेकंदांनी लांबला. आवाज किंचित जड झाला का, हे हेडफोन लावून दहादा ऐकलं. छत्रपती संभाजीनगरच्या एका थिएटरमालकांनी सकाळच्या पहिल्या खेळाआधी पडदा दिला, त्यामुळे चूक सापडली: विहिरीच्या तळाचा अंधार लॅपटॉपवर ठीक दिसत होता, पडद्यावर नुसता काळा डाग. पुन्हा उजेड वाढवून नवी डीसीपी. हे उपकार मी विसरणार नाही.

मला जाता आलं नाही. निमंत्रणपत्र होतं, पण व्हिसाची तारीख मिळाली ती महोत्सव संपल्यानंतरची. खेळ तिथे ऑक्टोबरात रात्री नऊला होता, म्हणजे आपल्याकडे साडेबारा. त्यानंतर व्हिडिओ कॉलवर गप्पा ठरल्या. मावशींना घेऊन मी गावातल्या शाळेच्या ओसरीवर बसलो, कारण रेंज तिथेच येते. शेतीची लाईट रात्रीची होती. लांबवर मोटारींचा आवाज चालू.

अंधाऱ्या थिएटरातून एका मुलीने विचारलं, बहिणी सात म्हणता, मग दगड सहाच का दिसतात? मी कॅमेऱ्याच्या कोनाबद्दल काहीतरी सांगणार होतो. मावशींनी प्रश्न काय ते विचारलं आणि मोबाईल स्वतःकडे ओढून घेतला.

‘सातवी आत हाय. पाणी उतरलं की दिसती.’

मी तेवढंच इंग्रजीत सांगितलं. पलीकडे कुणी बोलेना. मग मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, तो विहिरीचा शॉट परत लावा.