चिऱ्यांवर उभी केलेली गाडी

गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मालगुंडजवळच्या एका वाडीतून मला फोन आला. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या ऑटोमॅटिक गाडीचे खालून तेल गळत आहे आणि ती दोरीने ओढून रत्नागिरीला गॅरेजवर आणायची आहे, एवढेच मला सांगण्यात आले. मदतनिसाला घेऊन मी टोइंगच्या ट्रकने तेथे पोहोचलो. ट्रक वरच्या डांबरी रस्त्यावर थांबवून जांभ्या दगडात खोदलेल्या अरुंद उतारावरून आम्ही चालत खाली अंगणात गेलो.

गाडीची पुढची बाजू उचलून दोन्ही अंगांना एकावर एक दोन चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे कापलेले ठोकळे, रचलेले होते, जॅक काढून बाजूला ठेवला होता आणि घरमालकांचा पुतण्या छातीपर्यंत गाडीखाली शिरून गळती शोधत होता. दचकून तो धडपडला असता तर गाडीला धक्का बसला असता, म्हणून मी आवाज न चढवता म्हटले, "हळूच बाहेर ये, मग बोलू." तो बाहेर आला आणि म्हणाला, "मेस्त्री, चिऱ्यांवर पक्की बसली आहे."

आमच्याकडे घर, गडगा, विहीर सगळे चिऱ्याचे असते, त्यामुळे त्याचा विश्वास मला समजत होता. परंतु भिंतीतल्या चिऱ्यावर भार सपाट आणि सर्वत्र सारखा पडतो. गाडीच्या दाराखालची पत्र्याची कड मात्र बोटभरही रुंद नसते आणि पुढच्या भागाचा जवळजवळ सगळा भार त्या कडेतून दगडावर उतरतो. जांभा सच्छिद्र, त्यात पावसात भिजलेला, आणि तो फुटतो तेव्हा आधी वाकून इशारा देत नाही. शिवाय गाडी ‘पी’मध्ये, म्हणजे गिअरच्या पार्किंग स्थितीत, आहे म्हणून हलणार नाही, असे घरात सर्वांनी धरले होते. या गाडीत ‘पी’ने अडतात ती पुढची चाके, आणि तीच हवेत होती. उतरत्या, ओल्या अंगणात तिला धरून ठेवणारा हँडब्रेक तेवढा मागच्या चाकांवर होता. त्या चाकांना साधा दगडही लावलेला नव्हता.

प्रथम मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले. पावसाने मऊ झालेल्या मातीत ट्रॉली जॅक रुतू नये म्हणून त्याच्याखाली जाड फळी टाकली, पुढच्या लोखंडी आडव्या चौकटीखाली जॅक घेतला आणि गाडी चिऱ्यांपासून जेमतेम सुटेल इतकीच उचलली. मग दोन लोखंडी स्टँड, त्यांच्याही खाली फळ्या, कंपनीने ठरवून दिलेल्या जागी बसवले आणि जॅक सोडून भार त्यांच्यावर घेतला. जॅक उचलण्यासाठी असतो. आतले एक सील गळले तरी तो खाली बसतो, त्यामुळे केवळ त्याच्या भरवशावर मी कोणालाही गाडीखाली जाऊ देत नाही. शेवटी खांद्याने गाडी हलवून पाहिली आणि चिरे काढायला घेतले. डावीकडचा वरचा चिरा मदतनिसाच्या हातात दोन तुकडे होऊन आला. पुतण्या त्या तुकड्यांकडे बराच वेळ पाहत उभा राहिला. त्याच्या काकूंनी त्याला हाताला धरून ओटीवर नेले.

खाली पाहिले तर दगड लागून गिअरबॉक्सच्या तळाची परात चिरली होती. शेजाऱ्यांची जीप होती आणि "न्यूट्रलमध्ये टाकून ओढू," असा काकांचा आग्रह होता. मी तो मानला नाही. इंजिन बंद असताना या गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंपही बंद असतो, मात्र जमिनीवर फिरणारी पुढची चाके आतले भाग फिरवत राहतात. येथे तर तेलच वाहून गेले होते. रत्नागिरीपर्यंत तशी ओढली असती तर परातीच्या खर्चाऐवजी अख्खा गिअरबॉक्स बदलावा लागला असता.

अडचण त्या उताराची होती, कारण ट्रक खाली येऊ शकत नव्हता. गाडी चाकांवर उतरवली, बंपरमधल्या जागेत ओढण्याचा हूक शेवटपर्यंत फिरवून बसवला (काही गाड्यांत तो उलट्या आट्याचा असतो) आणि ट्रकच्या विंचने (तार गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने), माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश, ती वर घेतली. एवढ्याशा अंतराला, इतक्या कमी वेगात गिअरबॉक्सला इजा होत नाही. स्टिअरिंग लॉक होऊ नये म्हणून किल्ली चालू ठेवून मी स्वतः आत बसलो होतो. इंजिन बंद असल्याने स्टिअरिंग जड जात होते आणि दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेकचे पेडलही दगडासारखे कडक झाले. मदतनीस बाजूने चालत, लांब दांड्याचा ठोकळा मागच्या चाकामागे सरकवत होता. तार तुटली तर ती चाबकासारखी फटकारते, म्हणून तिच्यावर ओले पोते टाकले होते आणि मुलांसह सर्वांना घरात पाठवले होते.

ट्रकवर चारही चाके पट्ट्यांनी आवळली. आरे-वारेच्या चढणी व वळणे टाळून चाफे, निवळी, हातखंबा अशा मार्गाने आम्ही रत्नागिरी गाठली. परात कोल्हापूरहून मागवावी लागली. ती बसवून नवे तेल भरल्यावर गिअरबॉक्स निर्दोष चालला.

गाडी न्यायला पुतण्याच आला आणि स्टँड कसे निवडावेत, हे त्याने विचारले. त्यांच्यावर भारक्षमता कोरलेली असावी, बैठक रुंद असावी आणि खिट्टी आरपार बसणारी असावी, असे मी त्याला सांगितले. गॅरेजमधली जोडी पुढे ठेवून त्याने ती खिट्टी स्वतः लावून व काढून पाहिली.