इंदूर ते नाशिक, इलेक्ट्रिक गाडीने: घाट, वेग आणि चार्जिंगचा हिशेब

इंदूरहून नाशिकला जायचे म्हणजे ए. बी. रोड धरायचा आणि शेवटपर्यंत सोडायचा नाही, इतका हा मार्ग सरळ आहे. आपल्या आधीच्या पिढ्यांनी आग्रा-मुंबई रस्ता म्हणून ओळखलेल्या या रस्त्याला आता धुळ्यापर्यंत राष्ट्रीय महामार्ग ५२ आणि धुळ्यापुढे ६० असे क्रमांक आहेत, आणि एकूण अंतर सुमारे ४१५ किलोमीटर आहे. इंदुरातल्या मराठी घरांची निम्मी सोयरीक या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला असल्यामुळे, आम्ही इलेक्ट्रिक गाडी घेतल्यावर नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी सर्वांत आधी हेच विचारले की ही गाडी नाशिकला नेता येईल का आणि वाटेतल्या घाटांत तिचे काय होईल. हिवाळ्यात आई, पत्नी आणि मी असे तिघे त्या गाडीने नाशिकला जाऊन आलो. जो कोणी याच वाटेने जाणार असेल त्याला उपयोगी पडावे म्हणून हा वृत्तांत तपशिलाने लिहीत आहे.

घाटांविषयीची शंका आधी मिटवतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे आणि खलघाटजवळ नर्मदेचा काठ साधारण १५० मीटरवर. म्हणजे मानपूरपासून धामनोदपर्यंतच्या उतारात गाडी जवळजवळ ४०० मीटर खाली येते. माणसे आणि सामान धरून १९०० किलो वजनाची गाडी एवढी उंची परत चढते, तेव्हा त्या चढासाठी लागणारी ऊर्जा हिशेबाने सुमारे २ युनिट येते आणि मोटारीतला व्यय धरला तर अडीच युनिटच्या आत राहते. आमच्या गाडीची बॅटरी ४५ युनिटची आहे. याउलट, सपाट चौपदरी रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने आमच्या गाडीला दर १०० किलोमीटरला १४ युनिटच्या आसपास वीज लागते, तर ताशी १०० ने चालवली की तीच १८ पर्यंत जाते, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि ८० वरून १०० वर जाताना तो दीडपटीहून अधिक होतो. इंदूर-धुळे या २६५ किलोमीटरांत हा फरक दहा युनिटांपर्यंत पोहोचतो. म्हणजे ज्या घाटाची सगळ्यांना धास्ती वाटते त्याच्या चौपट वीज केवळ वीस किलोमीटरचा वाढीव वेग खातो. या प्रवासाचे सगळे नियोजन मी याच एका गोष्टीवर बेतले, आणि प्रवास सुखाचा होण्याचे श्रेय मी त्यालाच देतो.

तयारीची सुरुवात मात्र रस्त्यावर होत नाही, ती घरच्या मीटरपासून होते. घरून शंभर टक्के भरून निघता येत नसेल, तर या मार्गावर एक थांबा वाढलाच असे समजावे. गाडीसोबत मिळणारा साधा चार्जर १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो आणि सुमारे ३ किलोवॉटने भरतो. त्यामुळे ४५ युनिटची रिकामी बॅटरी भरायला पंधरा तास लागतात, जे रोजच्या वापरात अजिबात जाणवत नाही, कारण शहरातल्या शहरात दिवसाला ३०-४० किलोमीटर फिरून आलेली गाडी रात्रीत निवांत भरते. भिंतीवरचा ७.२ किलोवॉटचा चार्जर हे काम सहा-सात तासांत करतो, पण त्यासाठी घराचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. दोन्हींपैकी काहीही निवडले तरी मीटरपासून स्वतंत्र तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच) आणि नीट तपासलेले अर्थिंग या तीन गोष्टींत काटकसर करू नये. इंदुरातल्या रामबागेसारख्या जुन्या वस्त्यांतल्या घरांमध्ये अर्थिंग पुष्कळदा नावापुरतेच असते, आणि ते कमकुवत असेल तर गाडी चार्ज व्हायला सरळ नकार देते. तसा नकार मिळाला तर तो दोष गाडीचा नसून घराचा आहे आणि तो वेळीच कळला हे चांगले झाले, असे मानून आधी वायरमन बोलवावा.

विजेच्या बिलाबद्दलही येथेच सांगतो. मध्य प्रदेशात घरगुती दर टप्प्यांनी वाढतात आणि ३०० युनिटांच्या पुढचा टप्पा सर्वांत महाग आहे. ज्या घरांचा महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असल्याने त्यांना पहिली १०० युनिट १०० रुपयांत देणारी शासकीय सवलत मिळते, त्यांची ती सवलत गाडी आल्यावर बहुधा जाते. गाडीच्या खर्चाचा हिशेब मांडताना ही रक्कम धरली पाहिजे; विक्रेते ती धरत नाहीत. एवढे सगळे धरूनही घरचा युनिट आम्हाला सात-आठ रुपयांच्या आसपास पडतो.

निघण्याच्या आदल्या रात्री टायरांतली हवा कंपनीने भरल्या गाडीसाठी सांगितलेल्या दाबापर्यंत भरून घेतली, कारण कमी हवेचे टायर वीज मुकाट्याने खातात. पहाटे निघालो. राऊ, महू, मानपूरपर्यंत रस्ता पठारावरून जातो आणि त्यानंतर उतार लागतो. भेरू घाट आणि त्यापुढचा गणपती घाट अवजड वाहनांचे ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहेत, म्हणून ट्रकच्या पुढे फार काळ राहू नये. इलेक्ट्रिक गाडीला मात्र या उतारावर एक मोठा आधार असतो. पाय उचलला की मोटारच जनित्र होऊन गाडीला रोखते आणि वीज परत बॅटरीत टाकते, त्यामुळे ब्रेक तापत नाहीत. बॅटरी पूर्ण भरलेली असताना हा आधार फार क्षीण असतो, कारण परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते. पण इंदूरहून घाटापर्यंत येताना दहा-बारा टक्के खर्च झालेले असल्याने तो येथे पुरेपूर मिळाला. उतारावर आकडा भराभर वाढेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. तीव्र वळणांवर एखादा टक्का वाढतो, एरवी तो नुसता घसरायचा थांबतो, आणि तेवढेही पुरेसे असते.

खलघाटला आईने नर्मदेचे दर्शन घेतले. ठिकरी, जुलवानिया मागे टाकून सेंधव्याला पोहोचलो तेव्हा दीडशे किलोमीटर झाले होते आणि बॅटरीत निम्म्याहून अधिक चार्ज शिल्लक होता. अनेक जण या ठिकाणी दिसेल त्या चार्जरला गाडी लावतात. मी तसे करू नये असे सुचवेन. जलद चार्जरवर वीस टक्क्यांवर असलेली बॅटरी वेगाने भरते, साठच्या पुढे वेग उतरू लागतो आणि ऐंशीच्या पुढे तो इतका मंदावतो की शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या साठ टक्क्यांइतका वेळ लागू शकतो. म्हणून चार्जरला गाडी लावावी ती बॅटरी वीस टक्क्यांच्या जवळ आल्यावर, आणि काढावी ती ऐंशीवर. आमचा मुख्य थांबा धुळे होता आणि राखीव थांबा शिरपूर. बिजासन घाट उतरून महाराष्ट्रात आल्यावर शिल्लक पाहून ठरवायचे, असे योजले होते. शिल्लक चांगली असल्यामुळे शिरपूरला न थांबता तापी ओलांडली आणि धुळ्याला पोहोचेपर्यंत बॅटरीत वीस टक्के उरले.

धुळ्यात जे घडले त्याकडे नव्याने निघणाऱ्याने नीट लक्ष द्यावे. ॲपवर चालू दाखवत असलेला पहिला चार्जर प्रत्यक्षात बंद होता. दुसरा चालू होता, पण त्याच्या एका गनला, म्हणजे गाडीत लावायच्या केबलच्या मुठीला, आधीच एक गाडी लागलेली होती. येथे समजून घेण्यासारखे असे की ६० किलोवॉट असे लिहिलेल्या यंत्राला पुष्कळदा दोन गन असतात आणि दोन्ही लागल्या की प्रत्येकीला ३० किलोवॉटच मिळतात. त्यामुळे पाटीवरच्या आकड्यावरून वेळेचा अंदाज बांधू नये. आम्हाला वीसपासून ऐंशीपर्यंत येण्यास साधारण तासभर लागला आणि जेवण त्यातच उरकले.

यावरून काही नियम मी पक्के केले आहेत. ॲपवर चार्जर हिरवा दिसतो की नाही यापेक्षा त्यावर शेवटचे यशस्वी चार्जिंग कधी झाले ते पाहावे. काल किंवा आज कोणीतरी तेथे गाडी भरली असेल तर भरवसा ठेवावा, आठवडाभर कोणी फिरकलेच नसेल तर तो चार्जर आपल्या हिशेबात धरू नये. थांब्याच्या ठिकाणी एकमेकांपासून काही किलोमीटरवर किमान दोन जागा असाव्यात, आणि पहिल्या जागी पोहोचताना दुसरीपर्यंत जाण्याइतकी वीज हाताशी असावी; वीस टक्क्यांचा आग्रह त्यासाठीच आहे. तीन-चार कंपन्यांची ॲप घरीच उतरवून, नोंदणी करून, प्रत्येकात थोडे पैसे भरून ठेवावेत, कारण धाब्याच्या मागच्या आवारात मोबाइलचे नेटवर्क नसताना ओटीपीची वाट पाहणे फार त्रासाचे होते. चार्जर मृतवत दिसला तर प्रथम त्याच्यावरचे लाल आपत्कालीन बटण पाहावे. कोणीतरी ते दाबून ठेवलेले असते आणि बाणाच्या दिशेने फिरवले की ते सुटून यंत्र पुन्हा सुरू होते. गाडी आणि यंत्र यांची ओळख पटत नसेल, तर गन काढून, गाडी पूर्ण बंद करून, कुलूप लावून दोन मिनिटे थांबावे आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. जड केबलमुळे गन खाली लोंबत असेल तर ती हाताने किंचित वर धरली की जोडणी होते. आणि आपले ऐंशी टक्के झाले की गाडी लगेच बाजूला घ्यावी. मागे कोणी लहान मुलांना घेऊन थांबलेले असते, याची जाणीव ठेवणे मला तांत्रिक माहितीइतकेच महत्त्वाचे वाटते. धुळ्याच्या रखवालदाराने आमच्या आधीच्या गाडीच्या मालकाला जेवणावरून बोलावून आणले नसते, तर आमच्या मागे आलेल्या कुटुंबाला बराच वेळ ताटकळावे लागले असते.

धुळ्यापासून नाशिक दीडशे किलोमीटरांच्या थोडे पुढे आहे आणि हा टप्पा एकंदर चढाचा आहे, कारण नाशिक पुन्हा इंदूरच्या उंचीच्या जवळपास येते. मालेगावनंतर राहुड घाट चढून चांदवडला आलो. होळकरांचा रंगमहाल असलेल्या या गावी इंदूरकराने थांबावे असे मला मनापासून वाटते, आणि इलेक्ट्रिक गाडीच्या प्रवासात अशा थांब्यांना वेळ असतो. नाशिकला पोहोचलो तेव्हा पंचवीस टक्क्यांच्या आसपास चार्ज शिल्लक होता.

मुक्काम मामांकडे होता. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाने यजमानांच्या विजेवर गाडी भरावी का, याचा विचार निघण्याआधीच करावा. तीस-पस्तीस युनिट म्हणजे अडीचशे-तीनशे रुपये होतात. मामा पैसे घेणार नाहीत हे ठाऊक असल्याने मी जलद चार्जरवर ऐंशी टक्के भरून घेतले आणि उरलेले तेवढे त्यांच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्री भरले. तेसुद्धा सॉकेट आणि अर्थिंग तपासून, आणि एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये न घालता. घरगुती एक्स्टेन्शन बोर्ड तासन्‌तास एवढा प्रवाह वाहण्यासाठी बनवलेले नसतात. ते वितळून आग लागण्याचा धोका खरा आहे, आणि दुसऱ्याच्या घरात तो पत्करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

परतीचा प्रवास जाण्यापेक्षा वेगळा आखावा लागतो. जाताना घरून निघाल्यावर उतार मिळतो. येताना बिजासन घाट वाटेत येतो आणि मोठा चढ अगदी शेवटी, बॅटरी थकलेली असताना येतो. नाशिकहून पूर्ण भरून निघाल्यास धुळे सहज ओलांडता येते आणि शिरपूरला चाळीस टक्क्यांच्या जवळपास पोहोचता येते. तेथे ऐंशीपर्यंत भरले, तर पुढची २१० किलोमीटरची वाट आणि घाटाचे अडीच युनिट मिळून ३२ युनिट लागतात. म्हणजे घरी पोहोचताना दहा टक्केही उरत नाहीत. ही जोखीम घेऊ नये. शिरपूरला ऐंशीच्या पुढे भरत बसण्यापेक्षा धामनोद परिसरात घाटाच्या आधी पंधरा-वीस मिनिटांचा एक छोटा थांबा घ्यावा. तेथवर बॅटरी तीस-पस्तीस टक्क्यांवर आलेली असते, भरण्याचा वेग चांगला मिळतो आणि पुढचा चढ निश्चिंत मनाने चढता येतो. आम्ही असेच केले. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी निमाडातली, म्हणजे घाटाखालच्या नर्मदा खोऱ्यातली, दुपार टाळावी. वातानुकूलन आणि बॅटरी थंड ठेवण्याची यंत्रणा या दोन्हींची वीज तेव्हा हिशेबात वाढते, आणि तापलेली बॅटरी जलद चार्जरवरही सावकाश भरते.

खर्चाचे सांगायचे तर वाटेतल्या जलद चार्जरांवर बहुतेक ठिकाणी १८ टक्के जीएसटी धरून युनिट १८ ते २५ रुपयांच्या दरम्यान पडला, म्हणजे घरच्या तिप्पट. तरीही घरून भरलेली वीज आणि धुळ्याचा थांबा मिळून एका बाजूचा खर्च हजार रुपयांच्या आसपास झाला. याच अंतराला आमची आधीची पेट्रोल गाडी अडीच हजारांहून अधिक घेत असे. ज्यांना घरी चार्जिंगची सोय नाही आणि नेहमी बाहेरच भरावे लागणार आहे, त्यांच्यासाठी हा फरक बराच कमी होतो, आणि अशा कुटुंबाला मी गाडी घेण्याआधी सोसायटीकडून पार्किंगमध्ये स्वतंत्र मीटरची लेखी परवानगी मिळवण्याचा सल्ला देईन.

इंदूरला पोहोचल्यावर गाडी लगेच चार्जिंगला लावली नाही. लांबच्या प्रवासाने आणि जलद चार्जिंगने तापलेली बॅटरी तासाभरात निवते, आणि मग घरच्या संथ चार्जरवर रात्रभर ठेवावी. आमच्या गाडीत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी आहे. या प्रकारात टक्क्यांचा अंदाज चुकू नये म्हणून अधूनमधून घरच्या चार्जरवर पूर्ण शंभरपर्यंत भरावे लागते. लागोपाठच्या जलद चार्जिंगनंतर ते करून घेतले की पुढच्या प्रवासात पडद्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवता येतो.