नाथांच्या भारुडावर कंपनीचा दावा

नाथषष्ठीला मामांच्या दिंडीने पैठणला भारूड केलं. मामा कपाळभर मळवट भरून, हातात परडी घेऊन जोगवा मागताहेत, असा व्हिडिओ मामेभावाने मोबाइलवर काढून आपल्या चॅनेलवर टाकला. मी म्युनिकमध्ये रात्री कौतुकाने उघडला, तर पाटी: मालकी हक्काच्या दाव्यामुळे तुमच्या देशात उपलब्ध नाही. दावा कुणाचा? एका म्युझिक कंपनीचा. मामांना सांगितलं तर म्हणाले, "आरं, नाथमहाराजाचं भारूड कंपनीनं कधी इकत घेतलं?"

नाथांनी समाधी घेतली १५९९ मध्ये. कॉपीराइट आपल्याकडे लेखकानंतर ६० वर्षं टिकतो, इथे ७०. कुठूनही मोजा, रचना कधीच मोकळी झाली. कंपनीचा हक्क असलाच तर तिने करून घेतलेल्या ध्वनिमुद्रणापुरता. पण वेबसाइटचं यंत्र फक्त सूर जुळवून बघतं. नाथ कोण, मामा कोण, त्याला काय देणंघेणं!

असं होणार म्हणूनच २०१९ च्या मार्चमध्ये इथे मोर्चे निघाले होते. युरोपीय महासंघाच्या कॉपीराइट निर्देशातलं कलम १३, जे पुढे १७ झालं, ते लोकांनी टाकलेल्या मजकुराबद्दल मोठ्या वेबसाइटांनाच जबाबदार धरत होतं. म्हणजे दंडाच्या भीतीने त्या आधीच आपोआप अडवणारी गाळणी लावणार. इथल्या मारिएनप्लाट्झ चौकात पोरं ओरडत होती, ‘आम्ही बॉट नाही’, म्हणजे यंत्रं नाही, माणसं आहोत. तिकडे मराठवाड्यात दुष्काळ, टँकर सुरू, आणि ही पोरं मीमसाठी रस्त्यावर! मला हसू आलं होतं. थोडं अजूनही येतं. निर्देश युरोपीय संसदेत ३४८ विरुद्ध २७४ मतांनी मंजूर झाला. त्याआधी दुरुस्त्या मताला घ्याव्यात, हा प्रस्ताव अवघ्या पाच मतांनी फेटाळला गेला, आणि नंतर काही सदस्यांनी चुकीचं बटण दाबलं गेल्याचं नोंदवलं. आपल्या जिल्हा परिषदेत असं झालं असतं तर इथल्या पेपरांनी लेख लिहिले असते.

जर्मनीने २०२१ मध्ये त्यावर उतारा काढला, तोही टेप लावून मोजलेला. १५ सेकंद आवाज, १५ सेकंद चित्रफीत, १६० अक्षरं, १२५ किलोबाइटचं चित्र. एवढं, तेही कामाच्या निम्म्याहून कमी आणि स्वतःच्या मजकुरात मिसळलेलं असेल, तर तक्रारीचा निकाल लागेपर्यंत आपोआप अडवायचं नाही. पंधरा सेकंद! तेवढ्यात मामांची परडी एका हातातून दुसऱ्या हातात जात नाही, टाळकऱ्यांचा ताल लागत नाही. आपला १९५७ चा कायदा बघा. कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभात वाजवलेल्या गाण्याला सूट आहे, आणि त्यात लग्नाची वरातसुद्धा धरली आहे. कायदा करणाऱ्याने वरात बघितली होती, हे लगेच कळतं.

ऑफिसातल्या सहकाऱ्याला हे ऐकवलं तर म्हणाला, तुमच्याकडे तर सरकार इंटरनेटच बंद करतं. झोंबलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आरक्षण आंदोलनाच्या वेळी जालना, बीड, संभाजीनगरात बंद होतंच, आईशी व्हिडिओ कॉल लागेना. तरी मी म्हटलं, आमच्याकडे आदेश निघतो, त्याविरुद्ध कोर्टात जाता येतं. तुमच्या गाळणीला कुठल्या कोर्टात खेचू? तो काही बोलला नाही. पटलं म्हणून की कंटाळून, कोण जाणे.

मामेभावाला म्हटलं, हरकत नोंदव, रचना नाथांची आहे. त्याने चौकशी केली. हरकत फेटाळली गेली तर चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे नियमभंगाचा ठपका, येऊ शकतो, आणि त्याच चॅनेलवर त्याच्या मंडप-डेकोरेशनचे व्हिडिओ आहेत, लग्नसराईची गिऱ्हाइकं तिथूनच येतात. त्याने भारूडच काढून टाकलं.